दिवे लावले

कवळीवाल्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. त्यांनी केलेली कवळी घालून म्हातारी माणसंसुद्धा सफरचंद चावून खात, ही एक. आणि आपल्या मुलीचे बत्तीसच्या बत्तीस दात अस्सल आहेत, ही दुसरी. दातांच्या दवाखान्यामागं, जिन्याखालच्या अरुंद खोलीत ते मेण तापवत, प्लास्टर कालवत आणि येईल त्याला ही दुसरी गोष्ट ऐकवत. मुलगी टूथपेस्टच्या जाहिरातीत हसली तेव्हा तर त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटांनाही फोनवर ती जाहिरात दाखवली. भूल दिल्यामुळं त्या बिचाऱ्यांना नको म्हणता येत नव्हतं आणि पळूनही जाता येत नव्हतं.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. आई गेल्यापासून घरात दोघंच, बाप आणि भिंगरी. नाटकात चार-दोन वाक्यांची कामं, मग ती जाहिरात, असं करत करत एक दिवस तिला घबाड मिळालं. 'भुयार' नावाच्या व्हिडिओ गेमवर सिनेमा निघणार होता आणि त्यातली पहारेकरीण म्हणून तिची निवड झाली. पहारेकरीण म्हणजे त्या गेमची नायिका. कवळीवाल्यांनी तो गेम कधी पाहिलाही नव्हता. त्यांच्या लेखी खेळ म्हणजे पत्ते, आणि त्यातही ते कायम हरत. तरी त्यांनी दवाखानाभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली.

दोनच दिवसांत, सिनेमावाल्यांनी नेटवर टाकलेल्या तिच्या फोटोखाली, लोक तिच्यावर तुटून पडले.

"ही? पहारेकरीण?" "पहारेकरीण आजवर एकदाही हसलेली नाही आणि हिला हसण्यापलीकडं येतं काय?" "ही टूथपेस्टवाली भुयारात भुतं मारणार की त्यांचे दात घासून देणार?" कुणी तिचे खांदे मोजले, कुणी आवाजाला नावं ठेवली, कुणी तिचा चेहरा आणि गेममधला चेहरा शेजारी शेजारी लावून लाल रेघा ओढल्या. या मंडळींनी गेमपायी झोप घालवली होती, नोकऱ्या घालवल्या होत्या, आणि त्यांना आपल्या घरातलंच कुणीतरी बदलून टाकल्यासारखं वाटत होतं. त्यांचं दुःख अगदीच खोटं होतं असं नाही म्हणता येत. पण दुःख झालं म्हणून माणूस शेजाऱ्याच्या पोरीला दगड मारत नाही, आणि हे तर अंधारात उभं राहून मारत होते.

सुरुवातीला भिंगरी हसली. भुतांच्या दातांचा विनोद तिनं जेवताना बापाला वाचूनही दाखवला. मग तिनं वाचून दाखवणं बंद केलं. मग जेवायला बाहेर येणं बंद केलं. ताट दाराशी ठेवायचं, आणि तासाभरानं जसंच्या तसं उचलायचं. झोपेत ती दात खायला लागली. भिंतीपलीकडून तो करकर आवाज कवळीवाल्यांना रात्रभर ऐकू येई. त्यांनी तिच्या जुन्या मापावरून एक गार्ड करून दिलं, झोपताना दातांवर बसवायचं. आठवड्याच्या आत त्या गार्डला दाढांपाशी भोकं पडली. कवळीवाल्यांनी ते उजेडात धरून पाहिलं. उभा जन्म लोकांच्या दातांत गेला होता, पण झोपेतल्या माणसानं एवढं जाड प्लास्टिक असं चावलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या मनात नको नको ते आलं. बाथरूमच्या दाराची आतली कडी त्यांनी काढून टाकली, आणि तिनं विचारल्यावर गंजली होती म्हणून सांगितलं.

तशात सिनेमावाल्यांचा फोन आला. बोलणं फार गोड होतं. सोमवारी सही करायची आहे, पण तुमचं मन नसेल तर मोकळेपणानं सांगा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. भिंगरी म्हणाली, विचार करून सांगते. दाराबाहेर ताट घेऊन उभ्या असलेल्या कवळीवाल्यांना सगळं ऐकू आलं. ही आता मागं फिरली तर उभ्या जन्मात चार माणसांसमोर उभी राहायची नाही, हे त्यांना दिसत होतं. सोमवारपर्यंत तिला कसंही करून धीर द्यायचा होता. पण द्यायचा कसा, ते कळत नव्हतं. दारातून ते "भिंगरे, मी आहे गं" म्हणत, आणि आतून "हो" येई.

मग ते स्वतःच फोटोखालचं वाचायला लागले. दुपारच्या सुट्टीत, चष्मा नाकावर ओढून, त्या चिखलात एखादा चांगला शब्द सापडतो का ते शोधत. शब्द सापडला नाही, पण दिवे सापडले. छोटे, पिवळे, मिणमिणते दिवे, चित्रातले. ना शिवी, ना टोमणा, नुसता एक दिवा. एकाखाली एक, हजारोंनी.

त्या खोलीत त्यांच्याबरोबर चकचक्या काम करी. कवळीवाल्यांनी कवळी घडवायची आणि चकचक्यानं बफच्या चाकावर तिला चकाकी आणायची, असा अनेक वर्षांचा रिवाज. चाळिशीचा, अबोल, डोक्यावरही पॉलिश केल्यासारखं टक्कल. त्याच्या चहाच्या कपावर पहारेकरणीचं चित्र होतं, म्हणजे गेमच्या बाबतीत खोलीतला जाणकार तोच.

"काय रे, हे दिवे कसले?"

चकचक्यानं फोनकडं पाहिलं, मग चाकाकडं पाहिलं.

"चांगलं असतं ते, काका," तो म्हणाला. "सोबत म्हणून लावतात."

आणि त्यानं चाक सुरू केलं. चाकाच्या आवाजात पुढं काही विचारता येत नसे.

कवळीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे शिव्या देणारे मूठभर, आणि मुकाट्यानं सोबत करणारे हजारो! पोरीला हे कुणी सांगितलंच नाही. आता खरं तर 'दिवे लावणं' म्हणजे काय हे कवळीवाल्यांना शिकवायची गरज नव्हती. भिंगरी गणितात नापास झाली तेव्हा प्रगतिपुस्तक हातात घेऊन "वा, काय दिवे लावलेत!" असं तेच म्हणाले होते. पण बुडत्याला काडीचा आधार हवा असतो, तो काडीची चौकशी करत बसत नाही. त्यांनी संध्याकाळी खुर्चीत बसून, जीभ दातांत धरून, मुलीच्या फोटोखाली एक दिवा लावला. त्यांच्या खात्यावर स्वतःच्या फोटोऐवजी एका देखण्या कवळीचा फोटो होता, नाव-आडनाव मात्र खरं.

तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी बहिणीला फोन केला.

"अगं, भिंगरीसाठी दिवा लाव. त्या फोटोखाली."

"दादा, माझा लागतच नाहीये!" आत्या ओरडली. "माझं फूल लागतंय!"

"फूल नको, दिवा! फूल काढ!"

अर्धा तास खटपट करून आत्याचा दिवा लागला. मग आत्याच्या यजमानांचा, मुलांचा, सुनेचा, मामाचा, मावशीचा. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांनाही कवळीवाल्यांनी फोन केले, आणि भिंगरीचं नाव ऐकून त्यांनीही लावले. उभ्या घराण्यानं दिवे लावले. कवळीवाल्यांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी ताट दाराशी ठेवताना त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "भिंगरे, फोटो बघ हं तुझा!" आणि शीळ घालत कामावर गेले.

"चकचक्या, घराण्यातला एक माणूस सोडला नाही," ते आल्या आल्या म्हणाले. "सगळ्यांना दिवे लावायला लावले. पहिला माझा."

चाक थांबलं.

"काका, तुम्ही लावलात?"

"म्हणजे काय! बाप आहे मी."

चकचक्यानं हातातली कवळी खाली ठेवली.

"काका, भुयारात कुणी स्वतःच्या मूर्खपणानं मेलं ना, की बाकीचे तिथं दिवा ठेवतात. म्हणजे... ही मेली. हिच्यासाठी थांबू नका, पुढं चला."

मेणाच्या भांड्याखालचा बर्नर फुरफुरत होता. तो कवळीवाल्यांनी बंद केला. एवढंच त्यांना सुचलं.

"मग तू सोबत म्हणालास ते?"

"मीसुद्धा लावला होता. तुम्ही फोन पुढं केलात आणि लाज वाटली. इतक्या हजारांत माझा एक, कुणाला कळणार आहे, असं वाटलं."

"तू तिला लहानपणापासून ओळखतोस रे."

"भिंगरीवर राग नव्हता, काका." चकचक्याचे डोळे भरले. "बायको गेली सोडून, तेव्हा वर्षभर घरी जाऊन मी फक्त भुयारात बसायचो. सगळे म्हणायचे, हसत जा, हसत जा. पहारेकरीण एकटीच हसायची नाही. बरं वाटायचं. आणि तिथं आता भिंगरी हसताना दिसली..."

 त्यानं नुसता आपला फोन पुढं केला. कवळीचा फोटो, शेजारी दिवा, आणि वर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सख्ख्या बापानं दिवा ठेवला. आता तरी समजा. ते सकाळपासून जगभर फिरत होतं. खाली लोक पोट धरधरून हसत होते.

कवळीवाले तसेच, ॲप्रनसकट, रस्त्यावर आले. चालता चालता दिवा पुसायचा प्रयत्न करू लागले. बोटांवर प्लास्टर वाळलेलं, फोनला स्पर्श कळेना. त्यांनी जोरानं बोट दाबलं आणि दुसरा दिवा लागला. भर चौकात उभं राहून ते फोनला "नाही, नाही" म्हणत होते. माणसं वळून बघत होती. मग त्यांनी फोन खिशात कोंबला आणि साठी उलटलेला तो माणूस पळत सुटला.

सकाळचं ताट तसंच होतं.

"भिंगरे, दार उघड."

आतून काही नाही. त्यांनी दारावर दोन्ही हात आपटले.

"भिंगरे! बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर."

"आहे मी," आतून आवाज आला.

 दाराला पाठ लावून ते जमिनीवर बसले.

"अगं, मला वाटलं चांगलं असतं. सोबत म्हणून. मी मूर्ख आहे. आत्यालाही मीच सांगितलं, मामालाही मीच."

 मग ती बोलली. आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं, पण राग नव्हता.

"मी सकाळीच त्यांना नाही म्हणून कळवलं, बाबा."

"परत फोन कर! सांग, माझा बाप अडाणी आहे. मी सांगतो. मी जातो तिथं, पाया पडतो!"

"ते फक्त 'बरं' म्हणाले. का, ते विचारलंसुद्धा नाही. दुसरी कुणीतरी तयारच होती." ती थांबली. "लोकांचं सगळं मी गिळत होते रे. रोज ठरवायचे, सोमवारी जायचंच. सकाळी तू म्हणालास फोटो बघ. बघितला, तर तुझा दिवा. वाटलं, बाबा मला कधी खोटं सांगत नाही. त्यालाही असंच वाटत असेल, तर मग खरंच असेल."

कवळीवाल्यांनी ॲप्रनचा बोळा तोंडात धरला. तिच्यापर्यंत आवाज जायला नको होता, पण गेला.

"काय दिवे लावलेस, बाबा," ती हळूच म्हणाली.

मग दाराखालच्या फटीतून काहीतरी सरकत बाहेर आलं. गार्ड. मधोमध तुटून दोन तुकडे झालेलं.

"हे जोडून दे."

कवळीवाल्यांनी तुकडे हातात घेतले. आयुष्यभर त्यांनी तुटलेलं जोडलं होतं. हेही तात्पुरतं चिकटवता आलं असतं.

"हे नाही जोडता येत," ते म्हणाले. "नवीन करावं लागेल. माप घ्यावं लागेल परत."

"जुनं आहे ना माप."

"जुनं चालत नाही आता. तू चावून चावून दात झिजवलेस. तोंड उघडावं लागेल भिंगरे, आणि त्याआधी दार."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. घरी पडलेली मापाची पावडर वाटीत घेतली, पाणी घातलं, आणि चमच्यानं घोटायला लागले. ही पेस्ट एकदा कालवली की थांबत नाही. वेळेत तोंडात गेली नाही तर वाटीतच दगड होते. पहिली वाटी दगड झाली. त्यांनी ती टाकली आणि दुसरी कालवायला घेतली. तीही घट्ट होत आली तेव्हा मागं कडी वाजली.

भिंगरी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. केस विंचरलेले नव्हते, गाल आत गेले होते. जाहिरातीतली पोरगी ती हीच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.  कवळीवाल्यांनी तिसरी वाटी कालवली, मापाचा ट्रे भरला आणि तिच्या खालच्या दातांवर बसवून दोन बोटांनी दाबून धरला.

"हलू नकोस," ते म्हणाले.

तोंडात ट्रे असताना माणसाला बोलता येत नाही, आणि ट्रे धरणाऱ्यालाही हलता येत नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. आधी तिची हनुवटी थरथरली. मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यांच्या मनगटावरून बाहीत गेलं. माप बिघडलं होतं, हे त्यांच्या बोटांना कळत होतं. एवढ्या हललेल्या जबड्याचं माप कुणाच्याच कामाचं नसतं.

मग तिनं दात मिटले. सगळा जोर लावून, डोळे घट्ट मिटून, इतक्या दिवसांचं सगळं त्या दातांत आणून ती चावली. ट्रेच्या कडेला कवळीवाल्यांचं बोट होतं.

त्यांनी ते काढलं नाही.