एक आवाज जास्त

माझ्या स्पॅनिशच्या वर्गात एकच शिस्त: प्रश्न आला की लगेच, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. विचार करत बसणारे भाषा शिकत नाहीत, नुसता घाम पुसतात.

त्या दुपारी अपूर्ण भूतकाळ चालला होता. 'कान्तार' म्हणजे गाणं. शेवटचं 'आर' काढा, 'आबा' लावा, झालं 'कान्ताबा': गायची. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'ईआ'. नियम न पाळणारी क्रियापदं इनमीन तीन. एकदा घडून संपलं त्याला हा काळ चालत नाही. जे रोज घडायचं, त्याला हाच लागतो.

पहिल्या बाकावर माझी धाकटी बहीण, शेजारी घड्याळांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे घड्याळजी म्हणतात. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न, मग त्याच्या भावाकडे परदेशी. त्याची पहिली बायकोही माझीच विद्यार्थिनी. हुशार होती, पण या धड्याआधीच यायची बंद झाली. आजारी आहे, म्हणाला. मग गेलीच. मला तो माणूस जरा जास्तच गोड वाटायचा. पण सांगते कुणाला? "ताई, तुला कुणीच आवडत नाही," धाकटी म्हणायची. तेही खोटं नाही.

"आता नसलेल्या माणसाबद्दल एकेक वाक्य," मी म्हणाले.

"एया कान्ताबा," घड्याळजी म्हणाला. ती गायची. धाकटीचे डोळे भरून आले. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मला त्यात एक आवाज जास्त ऐकू आला.

"एया कोसीआ," तोच पुढे म्हणाला. ती शिवायची. वर्गानं पुन्हा म्हटलं आणि सगळे थांबले. एक आवाज तेवढा थांबला नाही. मागच्या रिकाम्या बाकावरून, सावकाश, स्वच्छ आला:

"एल सेर्राबा ला पुएर्ता. देस्दे फुएरा."

तो दार बंद करायचा. बाहेरून.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज त्याच्या पहिल्या बायकोचा, प्रत्यय अचूक, आणि तिला तो मी शिकवलाच नव्हता. दुसऱ्या बाकावरून मागे वळलेल्या, वर्गातल्या नर्सबाईंच्या हातातलं पेन गळून पडलं.

"वारा असेल," घड्याळजी हसला. तोंड मात्र पांढरंफटक. वारा कधीपासून क्रियापदं चालवायला लागला?

धाकटी त्याच्याकडे वळली. आजवर एक प्रत्यय धड न लावलेल्या त्या पोरीनं थेट विचारलं, "सेर्राबास ला पुएर्ता?" दार बंद करायचास?

"सी, ला सेर्राबा तोदास लास मान्यानास," तो म्हणाला. लगेच, पूर्ण वाक्यात. हो, रोज सकाळी बंद करायचो.

मग त्यानं जीभ चावली. "म्हणजे... दुकानात जाताना. तिच्याच भल्यासाठी गं. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कुठेही निघून जायची..."

धाकटीनं बोटातली अंगठी काढून बाकावर ठेवली. ती दाराशी गेली, ते सताड उघडलं आणि मागून येणाऱ्या कुणाला तरी वाट देत, धरून उभी राहिली.

मी बाकांच्या मधोमध उभी होते. पटकन बाजूला झाले.