भिंतीवरची घोंगडी

शिरूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मल्हारनं महिनाभर एकच चित्र रंगवलं. खुंटीला टांगलेली बापाची घोंगडी. काळ्या लोकरीतली करडी रेघ, खुंटीची सावली, मागची निळसर चुन्याची भिंतसुद्धा. हे चित्र प्रदर्शनासाठी नव्हतं.

दौंडजवळ रुळांच्या कडेला आईबापाचं घर. बाप, बिरदेवआबा, रोज बारा मेंढरं घेऊन रूळ ओलांडायचे. गेल्या पंधरवड्यात पुण्याची शटल त्यांच्या हातभर अंतरावरून गेली, असं फाटकवाला सांगत होता. डोळे तपासू म्हटलं की आबा उसळायचे, "मला मुंगीचा पाय दिसतुय!" डोळे गेले असं कळलं तर पोरगा मेंढरं विकंल, ही त्यांची धास्ती.

म्हणून रविवारी मल्हारनं खरी घोंगडी कणगीमागं दडवली आणि खुंटीच्या जागी चित्र लावलं. नजर शाबूत असेल तर हे चित्र आहे हे आबा ओळखतील. घोंगडी समजून हात पुढं केला, तर डोळे गेले.

तेवढ्यात आई, अनसाबाई, परसातून आली. "उन्हात टाकते," म्हणत तिनं घोंगडीला हात घातला. बोटं नुसत्या कापडावरून घसरली.

"अगं बया! आरं मुडद्या, आईला फशिवतो व्हय?"

ती हसत होती. मल्हारच्या मात्र लक्षात आलं. एका दमात सुईत दोरा ओवणारी आई फसली, मग आबांच्या फसण्यातून काय कळणार? चित्र जितकं खरं, तितकी परीक्षा खोटी.

तो चित्र उतरवायला धावला, तोच दारात बें-बें आली.

आबा आत आले. खुंटीकडं गेलेच नाहीत. मान उचलून हुंगलं, आणि सरळ कणगीमागं हात घालून घोंगडी ओढली.

"ही हितं कुणी टाकली?"

अनसाबाईनं तोंडाला पदर लावला. मल्हारनं विचारलं, "आबा, भिंतीवर चित्र लावलंय. कसं वाटतंय?"

आबांनी मान वळवली. ते बघत होते ती भिंत कोरी होती.

"झ्याक हाय. रंग लई सोभतोय."

लांबून शटलची शिट्टी आली. मल्हारनं त्यांचं बोट धरून चित्रावर टेकवलं.

"काय काढलंयस?"

"तुमची घोंगडी."

"माझ्या आयनं घातलेला टाका?"

"हाय की. कोपऱ्यात, लाल दोऱ्याचा."

आबा बोट फिरवत राहिले. "समदं गुळगुळीतच लागतंय." मग हळूच म्हणाले, "मेंढरं इकायची न्हाईत."

"मी काय मेले का राखाया?" अनसाबाई फणकारली.

"मंग ने उद्या दवाखान्यात. त्यो टाका बघायचाय."