अर्धा तास थंड होऊ द्या

गाडी घेतली ती आत्यांसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. सासरे गेले त्या दिवशी आमच्या मंठाळ गावात वाहन मिळायला सव्वा तास लागला होता, आणि तेव्हापासून आत्यांचा रक्तदाब कधी दीडशेच्या खाली आला नाही. माझा नवरा संघपाल कलबुर्गीला एका लॅबमध्ये काम करतो, शनिवारी घरी येतो. मी मुडबीच्या शाळेत विज्ञान शिकवते, बसनं ये-जा करते. त्यामुळे अकरा वर्षांची ती पांढरी पेट्रोल गाडी बहुतेक वेळ दारातच उभी असायची.

आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. पहिल्याच दिवशी आत्यांनी दाराच्या आत एक खिळा ठोकला आणि किल्ली त्याला अडकवली.

"मागायला आलेल्या मानसाला थांबायची पाळी येऊ ने," त्या म्हणाल्या.

ज्याला गरज त्यानं किल्ली घ्यायची, येताना पेट्रोल टाकायचं आणि किल्ली खिळ्याला लावायची. आधी बाळंतपण आणि ताप, मग हळूहळू लग्नाची खरेदी, बाजार, विहिरीवरची जळालेली मोटार दुरुस्त करून आणणं. सगळ्यात जास्त किल्ली घ्यायचे शेजारचे पिराजी मामा. वीस वर्षं त्यांनी बिदर-हैदराबाद टेम्पो चालवला होता. गुडघे गेल्यावर घरी बसले, पण स्टिअरिंग हातात आलं की माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा.

जानेवारीत आजूबाजूच्या गावांतून दीड महिन्यात तीन गाड्या चोरीला गेल्या. तिसरी आमच्याच गावची, रेवणसिद्धप्पांची जीप, भर दुपारी त्यांच्याच दुकानासमोरून. त्या शनिवारी संघपाल गियरलॉक घेऊन आला.

"ह्याची किल्ली कुठं ठेवायची?" मी विचारलं.

"तुझ्या पर्समध्ये."

"आन् लोकं आल्यावर?" आत्यांनी चुलीजवळून विचारलं.

"सांगायचं, गाडी न्हाई मिळत."

"तू सांग. तुझ्या अप्पाच्या टायमाला ज्यांनी बैलं जुपली, त्यांना मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"मग ही किल्ली पण खिळ्याला टांग," संघपाल म्हणाला. "आन् चोर आला तर त्याला चहा पण कर."

"करीन. तुला तर रोज करायलेच की."

गियरलॉक पिशवीतच राहिलं. मग त्यानं मोबाईलवर गाडीचा ठिपका दाखवणारा ट्रॅकर बसवला. ट्रॅकरनं गाडी कुठं गेली ते कळतं, ती जायची थांबत नाही. म्हणून तिसरा उपाय मी सुचवला आणि मीच केला. पेट्रोलच्या पंपाला जाणारी तार कापून मध्ये एक लपवलेला स्विच बसवायचा.

इग्निशनची तार कापली असती तर गाडी सुरूच झाली नसती, आणि चोर निवांत बॉनेट उघडून तार शोधत बसला असता. पंपाची कापली की गाडी नेहमीसारखी सुरू होते, नळीत उरलेल्या पेट्रोलवर थोडं अंतर जाते आणि रस्त्यातच बंद पडते. रस्त्यात चोर थांबत नाही. मी तीनदा चालवून मोजलं. दोनशे दहा मीटर, दोनशे चाळीस, दोनशे पंचवीस. आमच्या दारापासून ओढ्यावरच्या फरशीपुलापर्यंत. मला तेव्हा याचा फार आनंद झाला होता.

स्विच मी डाव्या सीटच्या पुढच्या कडेखाली बसवला. चोरानं शोधलंच तर ड्रायव्हरच्या बाजूला शोधेल. डावी सीट आत्यांची. त्यांनी बटण दाबायचं काम स्वतःकडं घेतलं. बसल्या की वाकून हात खाली घालायच्या, टक् आवाज आला की म्हणायच्या, "हां, चल." उतरताना पुन्हा टक्.

"तुझं इंजिन, माझं बटण," असं त्या मला म्हणायच्या.

किल्ली खिळ्यावरच राहिली. कुणी न्यायला आलं की आत्या त्याच्यासोबत गाडीपर्यंत जायच्या, सीटवरचं फडकं उचलायच्या निमित्तानं आत वाकायच्या आणि बटण दाबायच्या. गाडी परत आली की पुन्हा तसंच. कुणाला काही कळायचं नाही, कुणाला नाही म्हणावं लागायचं नाही. बटणाचं आम्हा तिघांनाच माहीत होतं.

"पिराजी मामाला सांगू या का?" मी विचारलं होतं.

"मामाला सांगितलं म्हणजे बसस्टँडवर पाटी लावल्यावाणी," संघपाल म्हणाला. मी विषय तिथंच सोडला. 

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आत्या त्यांच्या बहिणीकडं मेहकरला गेल्या होत्या आणि मी गिरणीत होते. मामांनी किल्ली घेतली. मी दळण घेऊन परत येताना बघते तर गाडी फरशीपुलावर उभी, बॉनेट वर, आणि मामा आत डोकं घालून.

"कामून बंद पडली गं ही? पेट्रोल हाय, बॅटरी हाय. सेल मारला की खोकायली नुसती."

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. पण सांगितलं असतं तर इतके दिवस तुमच्यापासून लपवलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "पंप गरम झाला की थांबतो, मामा. अर्धा तास थंड होऊ द्या, मग चालू होतो."

"असं असतंय का?"

"जुन्या पंपात असतं."

आम्ही पुलाच्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी मला जहीराबादच्या घाटात ब्रेक गेल्याची गोष्ट सांगितली, थोड्या वेळानं दुसऱ्यांदा सांगितली. अर्धा तास झाल्यावर मी डाव्या दारानं दळणाचा डबा सीटखाली ठेवायचं निमित्त केलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "आता बघा." गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मामा हसले. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला ठाऊक झालं की मास्तरीणबाईंना गाडीच्या पोटातलं कळतं. मुलांना मी वर्गात सांगते, एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका.

मार्चच्या शेवटी दहावीची परीक्षा होती. पर्यवेक्षकांचे मोबाईल सकाळीच एका पेटीत घेऊन कुलूप लावतात. मला माझा मोबाईल पावणेदोन वाजता परत मिळाला. मामांचे नऊ मिस्ड कॉल होते, संघपालचे पाच. संघपालचा मेसेज एका ओळीचा होता. आईला पॅरालिसिसचा झटका, बिदरला नेतोय, तिकडंच ये.

मी बसनं गेले. पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. वॉर्डाबाहेर बाकावर मामा एकटेच बसले होते. पायांत चप्पल नव्हती.

"आत घेतलंय," ते म्हणाले. "संघपाल डॉक्टरापाशी हाय. बस."

मी बसले. त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली, टेम्पोचे मालक हिशेब विचारतील तेव्हा सांगत असतील तसं, क्रमानं.

"धा वाजता आमची मंडळी अक्कासंग बोलली, धडधाकट होती. सव्वाधाला ताक द्यायला गेली तर अक्का खाली पडलेली. तोंड वाकडं. उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलायला येईना. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेल्ती, तास लागतो म्हणले. मी म्हणलं, कशाला थांबायचं, गाडी हायच की. किल्ली घेतली. अक्काला पुढं तिच्या जागेवर बसवली, सीटची पाठ मागं टाकली. मंडळी मागं बसली. साडेधाला निघालो."

मला पुढचं कळलं होतं. तरी मी थांबवलं नाही.

"पुलावर बंद पडली. तीच जागा बघ. मंडळी म्हणायली, दुसरं वाहन बघा. गुरुवार, बाजाराचा दिवस, ट्रॅक्टर सगळे उसात. मी म्हणलं, हुडकत बसण्यापेक्षा अर्धा तास थंड होऊ दे, बाईनं सांगितलंय, माझ्या डोळ्यांदेखत चालू झालीती. घड्याळ लावून बसलो. अर्ध्या तासानं सेल मारला, खोकली, बंद. म्हणलं ऊन हाय, अजून निवली नसंल. मागची सीट उचलून, पंप असतोय त्या टाकीवर ओला टॉवेल टाकला. तुला फोन लावायलो, लावायलो. संघपालला आधी लावला न्हाई, त्याला पंपाचं काय कळतंय. बाराला वीस मिनिटं कमी असताना दुधाचा टेम्पो आला, त्यात घातली अक्काला. सत्तर मिनिटं गेली."

 मग त्यांनी आठवून जोडलं.

"आन् अक्का सारखी खाली वाकायली. डावा हात सीटखाली घालायली. मी म्हणलं चप्पल हुडकायली का काय. चप्पल काढून मांडीवर ठेवली तिच्या, तर फेकून दिली. परत हात खाली. पडंल म्हणून मी तो हात धरून ठेवला. लई जोर होता हाताला. आधी बसवकल्याणला नेली, तिथनं बिदरला धाडलं. तिथल्या डॉक्टरला ते पण सांगितलं, हाताला झटके यायलते म्हणून."

कॉरिडॉरच्या टोकाला संघपाल डॉक्टरांशी बोलताना दिसत होता. मी उठून तिकडं गेले. डॉक्टर तरुण होते, कन्नडमध्ये सावकाश समजावत होते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पेशंटला शेवटचं चांगलं बघितलं दहाला. इथं आणलं तीन वाजून दहा मिनिटांनी.

मी वजाबाकी केली. सत्तर मिनिटं काढली तर दोन वाजतात.

"दुपारी दोनला आणलं असतं तर?" मी विचारलं.

"तर प्रयत्न केला असता," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही."

ते आत गेल्यावर संघपालनं माझ्याकडं बघितलं. त्याला मामांनी फोनवर पंपाचं सांगितलं होतं. "मामाला काही बोलू नको," तो हळू म्हणाला. "त्या माणसानं केलं तेवढं केलं. आता सांगून कुणाचं भलं होणार हाय?"

मी परत बाकावर येऊन बसले. मामा म्हणाले, "माझंच चुकलं बघ. तू अर्धा तास म्हणलीस. मी बरोब्बर मोजला, पण उन्हाचा हिशेब धरला न्हाई."

मग मी सांगितलं. स्विच कुठं आहे, कशासाठी बसवला, आत्या फडकं कशाला उचलायच्या. डाव्या हाताचंही सांगितलं. मी नीट, क्रमानं सांगितलं. मधे एक नर्स ट्रॉली घेऊन गेली तेव्हा तेवढी थांबले.

मामा स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. त्याच हातानं त्यांनी आत्यांचा हात धरून ठेवला असणार.

"मग त्या रविवारी," ते म्हणाले, "आपण कट्ट्यावर अर्धा तास बसलो ते?"

"ते उगाच, मामा."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवली आणि जिन्याकडं चालू लागले. मी संघपालला त्यांच्यामागं पाठवलं, निदान चप्पल घेऊन द्या म्हणून. तोवर ते गेटबाहेर पडले होते.

आत्या एकोणीस दिवस दवाखान्यात होत्या. त्या वाचल्या. उजवी बाजू आली नाही, बोलणं आलं नाही. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरं आहे.

त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी मी स्विच काढला. तार पूर्वीसारखी जोडली, डाख दिला, वर टेप गुंडाळला. वस्तीत ज्यांनी ज्यांनी किल्ली नेली होती त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, बसायला सतरंजी टाकली, चहा दिला. कुणी वाईट बोललं नाही. किल्ली खिळ्याला आहे. तिला कुणी हात लावत नाही. परवा पिराजी मामांच्या मंडळींना ताप भरला तर त्यांनी रस्त्यावरून ऑटो बोलावला. तो आमच्या दारावरून गेला.

आत्यांना आणायला आम्ही आपलीच गाडी नेली. संघपालनं त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि औषधांच्या पिशव्या घेऊन मागं बसला. मी किल्ली लावली.

आत्या वाकल्या. डावा हात सीटखाली गेला. स्विच होता तिथं आता स्क्रूची दोन भोकं आहेत. त्यांची बोटं कडेवरून एकदा पुढं गेली, एकदा मागं आली, भोकांपाशी थांबली. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"काढलाय, आत्या," मी म्हणाले. "आता लागत न्हाई."

त्यांनी हात काढला नाही. मी गाडी सुरू केली, गियर टाकला नाही. इंजिन चालू ठेवून आम्ही दवाखान्याच्या आवारात तशाच बसून राहिलो. मागून संघपालनं विचारलं, "का थांबलीस?"  त्या 'हां, चल' म्हणणार नव्हत्या, तरी मी तेवढी वाट बघितली.