अध्यक्षांमार्फत कट्टी

श्रुतिकाची आणि ॲश्टनची कट्टी झाली तेव्हा माझा नवरा देवेश म्हणाला, "चौथीतली पोरं आहेत गं. संध्याकाळपर्यंत होईल दो." देवेशच्या मते सगळंच संध्याकाळपर्यंत होतं. आमचा गळका नळसुद्धा.

पंधरवडा उलटला, दो झाली नाही. अख्ख्या वर्गात आमची श्रुतिका मोकळेपणाने बोलते ती एका ॲश्टनशी. आता ती डबा एकटीच खाते. मला कसं कळतं? त्याच्या वाटणीचं थालीपीठ परत येतं. कारण विचारलं तर "काही नाही." खाडीपलीकडे गोराईला त्याच्या घरी गेली होती, तिथून गप्प-गप्प आली, एवढंच मला ठाऊक.

म्हणून शाळेत मराठीतून जागतिक परिषद भरणार, एकेक मूल जगातला एकेक प्रदेश होणार, हे कळताच मी मॉनिका टीचरना गेटवर गाठलं. श्रुतिका दक्षिण आशिया आहे ना, मग ॲश्टनला आग्नेय आशिया द्या. शेजारी-शेजारी. दोघांना सहकार्याचा करार करायचा म्हणजे बोलावंच लागेल.

"परराष्ट्र खातं गेलं कुठं होतं इतके दिवस?" देवेश म्हणाला. टीचर हो म्हणाल्या होत्या, मला तेवढं पुरे होतं.

परिषदेच्या दिवशी मला नेमकी नॅटलीशेजारची खुर्ची मिळाली. नॅटली म्हणजे ॲश्टनची आई. पोरांची कट्टी झाल्यापासून आम्ही दोघी व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवत होतो. आताही मान हलवून झाली आणि दोघी समोर बघत बसलो.

मॉनिका टीचर अध्यक्ष. त्यांनी पहिलाच नियम सांगितला, "प्रतिनिधींनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. जे काय ते अध्यक्षांमार्फत."

वाट लागली! कट्टीचा तरी दुसरा काय नियम असतो?

श्रुतिका खुशीत उभी राहिली. "अध्यक्ष महोदया, त्यांना सांगा, समुद्र दोघांचा आहे. बोटींची ये-जा वाढली पाहिजे."

"महोदया, आम्ही तयार आहोत, सांगा त्यांना," ॲश्टन छताकडे बघत म्हणाला.

"पण त्यांना हेही सांगा," श्रुतिकाचा आवाज चढला, "की आमच्याकडचं कुणी बोटीनं पाहुणं म्हणून गेलं, आणि बोटीत त्याला उलटी झाली, तर ते त्यांनी जगभर सांगायचं नाही!"

मॉनिका टीचरनी कागद उलटून पाहिला. असं कलम त्यात नव्हतं.

मी नॅटलीकडे वळले. "उलटी? आणि तू मला बोलली नाहीस?"

"तिनेच शपथ घातली ना गं मला," नॅटली कुजबुजली. "मम्मी परत सोडणार नाही म्हणाली. खोटं होतं का?"

खोटं नव्हतं.

स्टेजवर आग्नेय आशियाचे कान लाल झाले होते. "महोदया, आम्ही जगभर नाही सांगितलं. फक्त कार्लला सांगितलं. त्यानं वर्गात सांगितलं."

"कार्लला सांगणं म्हणजे जगभरच!" हॉल हसला. कार्ल, म्हणजे युरोप, मागच्या बाकावर खाली वाकला.

"बरं, यापुढे नाही सांगणार. लिहा कलम," ॲश्टन म्हणाला. मग जरा थांबून, "पण त्यांनी पण आमच्याकडे यायचं बंद करायचं नाही. मम्मीनं रविवारी मैद्याचे गोड फुगे केले होते तळलेले. मी… म्हणजे आम्ही वाट बघितली."

श्रुतिका बराच वेळ टेबलावरचा झेंडा सरळ करत राहिली. तो सरळच होता.

"बोटीत पुढे बसलं तर कमी मळमळतं का रे?" तिनं विचारलं. थेट त्यालाच.

"मधे बस. आणि लांब बघ, पाण्याकडे नको."

"अध्यक्षांमार्फत!" मॉनिका टीचरनी टेबल वाजवलं. ऐकतंय कोण! दोन्ही प्रदेश एकमेकांकडे वळून रविवार ठरवत होते.

माझे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी मला ती बोट आठवली. "नॅटली, त्या बोटीत लाइफ जॅकेट असतात ना गं? मुलांच्या मापाची?"

"असतात."

"नक्की? मी पण येऊ का बरोबर?"

"तू नको," नॅटली म्हणाली. "तुझ्या काळजीच्या वजनानं बोट बुडेल. तू जेटीवर सोड, मी घ्यायला येते."

"फोन करशील ना पोचल्यावर?"

"अध्यक्षांमार्फत कळवते," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात रुमाल कोंबला.