मागून घ्यायची लेन

मागचा ट्रकवाला दोन मिनिटं हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. धाकटी मधल्या लेनमध्ये ताशी साठच्या वेगाने, हनुवटी पुढे काढून, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी चिकटून बसली होती.

"काय म्हणतोय गं तो?" आईने विचारलं.

"कोण?"

"मागचा. एवढं काय बोलायचंय त्याला?"

"मी हळू चालवतेय म्हणतोय."

"मग खरंच बोलतोय की." आईने मांडीवरची फाईल सरळ केली.

धाकटी म्हणजे एक्केचाळीस वर्षांची बाई, छापखान्यात मुद्रितं तपासणारी. पण थोरली परदेशी जाऊन वीस वर्षं झाली तरी घरात हिचं नाव धाकटीच राहिलं होतं. साडेदहाच्या आत आईला डोळ्यांच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. पहिली, बाबा गेले म्हणून. दुसरी, त्यानंतर घरात कुणाला वार-तारीख कळेनाशी झाली म्हणून. ही हुकली तर डॉक्टर एकदम चार महिन्यांनी येणार होते, आणि तोवर त्या डोळ्यात काय उरेल ते सांगता येत नाही, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. डावा डोळा तर कधीच गेल्यात जमा होता. ठरवलेल्या गाडीवाल्याने सकाळी आठला फोन करून हात वर केले. मग दारात उभी असलेली एकच गाडी उरली. बाबांची शिकवायची गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी ठळक पाटी असलेली. पाटीचे स्क्रू काढायला वेळ मिळाला नाही, असं धाकटी तीन महिने सगळ्यांना सांगत होती.

बाबांना गावभर मास्तर म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली, आणि हमरस्ता हा त्यांचा खास विषय. "रस्ता कुणाच्या बापाचा नाही," ते शिकणाऱ्याला बजावत, "म्हणून लेन मागायची, आणि मागून घ्यायची." वळायचा दिवा लावला की मागितलं. मग आरशात बघायचं, खांद्यावरून बघायचं. मागच्याने वेग कमी केला की त्याने दिलं. दिलं की घ्यायचं, घेतलं की हात वर करायचा. दुभाजकालगतची आतली लेन फक्त पुढच्याला ओलांडण्यापुरती. काम झालं की तिथून उठायचं. जे उठत नाहीत, गप्पा मारत तिथेच ठाण मांडून बसतात, त्यांना मास्तर 'ठाणेदार' म्हणत. असा कुणी दिसला की खिडकीतून वाकून नमस्कार करत, "चालू द्या साहेब, चालू द्या!"

धाकटीला हे सगळं तोंडपाठ होतं. परवाना हाती येऊन चौदा वर्षं झाली होती. फक्त हमरस्त्यावर ती बाबा शेजारी असल्याशिवाय कधी गेली नव्हती. दिवा लावायची, आरसा बघायची, खांद्यावरून बघायची, आणि मग बाबांच्या एका शब्दासाठी थांबायची. "घे." तो शब्द कानावर पडला की हात आपोआप वळत. तीन महिन्यांपूर्वी सकाळी बूट घालता घालता बाबा गेले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. त्या दिवसापासून कागदपत्रं, दाखले, शिकायला येणाऱ्यांचे फोन, सगळं तिने एकटीने निस्तरलं. कुणापुढे हात पसरावा लागला नाही याचं तिला बरं वाटलं होतं.

दवाखान्याच्या फाट्याची पाटी आली. दोन किलोमीटर. मधल्या लेनमधून कडेच्या लेनमध्ये यायला हवं होतं. तिने दिवा लावला. कडेच्या लेनमधली पांढरी व्हॅन थोडी मागे राहिली. सरळ जागा देत होती. तिने आरसा बघितला, खांद्यावरून बघितलं, आणि थांबली. गाडीत दिव्याच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. व्हॅनवाल्याने वाट बघून बघून एक लांबलचक हॉर्न दिला आणि तो पुढे निघून गेला. तिने दिवा बंद केला.

"टिकटिक थांबली," आई म्हणाली. "वळलो का?"

"नाही."

"मग?"

"फाटा गेला."

आईने जरा वेळ फाईलच्या कडेवरून बोट फिरवलं. "पुढचा किती लांब?"

"चौदा किलोमीटर. तिथून उलटं यायचं."

"आणि वाजले किती?"

"दहा वाजून पाच."

पुढे एक टँकर रांगत होता. त्याच्यामागे राहिलं तर संपलंच. आतली लेन मागे दूरवर मोकळी दिसली तेव्हा ती त्यात शिरली. कुणाकडे मागावंच लागलं नाही. टँकर मागे पडला, त्यामागचा टेम्पो मागे पडला, आणि मग मधल्या लेनमध्ये गाड्यांची न तुटणारी रांग लागली. धाकटी आतल्या लेनमध्येच राहिली. तिच्यामागे एक गाडी आली, मग दुसरी, मग चार.

"हे सारखं काय चमकतंय गं?"

"मागचे दिवे मारतायत."

"आपण कुठल्या लेनमध्ये आहोत?"

धाकटीने वेग थोडा वाढवला.

"धाकटे, कुठल्या?"

"आतल्या."

"अगं बाई!" आईला हसू आवरेना. "मास्तरांच्या गाडीत ठाणेदार! आणि वर पाटी लावून!"

"हसू नकोस, आई. मला नाही जमत. ते 'घे' म्हणायचे म्हणून जमायचं. त्यांना मागचं दिसायचं. मला नाही दिसत."

आईचं हसू थांबलं. "त्यांना कुठलं दिसायला?"

"म्हणजे?"

"त्यांची मान वळत नव्हती. सहा-सात वर्षं झाली असतील. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागायचं. शिकणाऱ्यांना कळेल म्हणून कुणाला सांगू द्यायचे नाहीत."

"मग 'घे' कशाच्या जोरावर म्हणायचे?"

"डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्याकडे बघून. तू मागे बघितलंस आणि खांदा खाली सोडलास की म्हणायचे, घे. घरी येऊन मला सांगायचे, हीच बघते, हीच ठरवते, आणि शिक्का तेवढा माझ्याकडून मारून घेते."

धाकटीने मनात वर्षं मोजली. सहा-सात वर्षं. एवढ्या ट्रकांमधून, एवढ्या बसगाड्यांपुढून. "म्हणजे कुणीच बघत नव्हतं?"

"तू बघत होतीस ना."

"मला सांगायला नको?"

"सांगितलं असतं तर गाडी दारात लावून घरात बसली असतीस. ओळखत नाही का मी तुला?"

"हा काय पोरखेळ होता का, आई? मेलो असतो दोघं!"

"माझ्यावर काय ओरडतेस? मागे काय आहे ते बघ."

तिने संतापाने दिवा लावला. आरसा. मधल्या लेनमध्ये एक ट्रक होता, वर बटाट्याच्या पोत्यांसारखा फुगलेला ताडपत्रीचा डोंगर. खांद्यावरून बघितलं. ट्रक तसाच येत होता. दिवा टिकटिकत राहिला, एक, दोन, पाच वेळा, आणि तिने तो बंद केला नाही. मग ट्रकचं नाक किंचित खाली वाकलं, त्याच्यापुढे गाडीभर जागा झाली, आणि त्याचे दिवे एकदा लुकलुकले.

आईने तोंड उघडलं.

"तू म्हणू नकोस," धाकटी म्हणाली.

"मी कशाला म्हणू? मला काय दिसतंय?"

तिने घेतली. हात वर करायला विसरली, मग उशिरा केला. पुन्हा दिवा, पुन्हा आरसा, पुन्हा खांदा. कडेची लेन एका बसवाल्याने दिली नाही. त्याच्यामागच्या मोटारीने दिली. पुढचा फाटा आला तेव्हा ती कडेच्या लेनमध्ये होती, आणि तिथून वळून त्या उलट्या दिशेने निघाल्या.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा अकराला आठ कमी होते.

"साडेदहाची वेळ होती तुमची," खिडकीतल्या नर्सबाई म्हणाल्या. "पुढच्या पेशंटला आत घेतलं."

एरवी धाकटी 'बरं' म्हणून मागे फिरली असती. "दोन तारखा गेल्यात आमच्या," ती म्हणाली. "हात जोडते, आज घ्या. शेवटी घ्या, कितीही वेळ थांबू, पण आज घ्या."

नर्सबाईंनी फाईल उघडली, तारखांवरून नजर फिरवली, आणि आत गेल्या. परत यायला सात मिनिटं लागली. "शेवटी घेतील. घरी न्यायला कोण आहे?"

"मी."

"डोळ्यावर पट्टी असेल त्यांच्या. गाडी?"

"मीच चालवणार."

दुपारी एकला आईला आत नेलं. धाकटी बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. बाबांवरचा राग उतरत नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्यांच्याशी कडकडून भांडायचं होतं, तोंडावर विचारायचं होतं की हे असं कुणी करतं का. ती कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि मधोमध उभी राहून रडायला लागली.

"ताई, जरा बाजूला होता का," ट्रॉली ढकलणारा माणूस म्हणाला.

ती बाजूला झाली, आणि भिंतीला टेकून रडत राहिली.