या मेजापाशी धनी किती?

मी एक जुनं मेज आहे. मित्रांनो, तुम्हाला माझं लाकूड दिसायचं नाही. माझ्यावर चांदीचा पत्रा आहे, खाली संगमरवराचा चौथरा आहे, पुढे कठडा आहे. लोक त्या कठड्याबाहेर गुडघे टेकतात आणि कुजबुजतात, "केवढं पवित्र मेज!" पवित्र कसलं डोंबलाचं! मी कणीक मळायचं मेज आहे.

रोमन साम्राज्यातल्या फ्रिजिया प्रांतात, डोंगरातल्या आमच्या गावात, एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. तातियाबाईंच्या स्वयंपाकघरात मला ठेवलं, तशी बाई म्हणाल्या, "अरे, हे लंगडतंय!"

"बाई, मेज सरळ आहे. तुमची फरशी वाकडी," सुतार म्हणाला आणि चालता झाला.

मग अम्मियाने माझ्या एका पायाखाली खापराचा तुकडा सारला आणि मी उभं राहिलं. अम्मिया त्या घरची गुलाम. पोरवयात विकत आणलेली, पुढे तिथेच स्वयंपाकीण झालेली. दिवाणखान्यातल्या नक्षीदार मेजांभोवती पाहुणे आसनांवर लोळून जेवत. माझ्या वाट्याला पीठ, लसूण आणि अम्मियाची कोपरं. मी सुखात होतं.

आता एका शब्दाची गोष्ट सांगतं, कारण माझ्या आयुष्याचं सगळं बरंवाईट त्या शब्दाने केलं. आमच्याकडे गुलाम मालकाला हाक मारतो, 'धनी'. लोक देवाला आळवतात, 'धनी'. आणि राजधानीत बसलेल्या सम्राटालाही म्हणायचं, 'धनी'. शब्द एकच. एकदा अम्मिया कणीक मळता मळता पुटपुटली, "धनी, सांभाळ रे."

तातियाबाई दारात उभ्या होत्या. "कुणाला हाक मारतेस? मी इथे आहे की."

"तुम्हाला नाही, बाई."

"अगं बाई! मला विधवा होऊन वर्ष झालं. घरात दुसरा धनी कोण आणून ठेवलास?"

अम्मियाने पिठाच्या हातांनीच सगळं सांगितलं. सरकारने क्रुसावर मारलेल्या येशूला ती मानत होती. झऱ्यावर लोकर धुणाऱ्या बायकांकडून तिला ते कळलं होतं. बाई आधी हसल्या, मग चिडल्या, मग रोज येऊन विचारू लागल्या. शेवटी त्याही त्याच वाटेला लागल्या. मित्रांनो, मालकिणीने गुलामाकडून धर्म घेतला, आणि तो स्वयंपाकघरातून वर गेला, वरून खाली आला नाही. हे तुम्हाला आता कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतं.

पण एकत्र जेवायचं कुठे? दिवाणखान्यातल्या आसनावर गुलाम बसत नाही. बाई म्हणाल्या, "तू वर येऊ शकत नाहीस ना? मग मीच खाली येते." तेव्हापासून दर रविवारी सकाळी माणसं माझ्याभोवती उभी राहू लागली. मेंढपाळ, लोकर धुणाऱ्या, दोन-तीन गुलाम, आणि कापडाचा तरुण व्यापारी डिओगास. त्याला वाचता येई, म्हणून तो येशूच्या शिष्यांची पत्रं वाचून दाखवी. एक भाकर मोडायची, सगळ्यांनी खायची. बाईंनी नियम केला, "या मेजापाशी धनी एकच. इथे मला बाई म्हणायचं नाही. ताई म्हणायचं."

"हो, धनीणबाई," अम्मिया म्हणाली आणि तिने जीभ चावली. सगळे पोट धरधरून हसले.

येशूच्या पुनरुत्थानाच्या पुढच्या सणाला अम्मियाला गुलामीतून मोकळं करायचं, असं बाईंनी माझ्यावर हात ठेवून कबूल केलं. अम्मियाने त्या दिवशी मला दोनदा पुसलं.

शेजारीपाजारी काय काय बोलत! "आत लेकरं कापून खातात म्हणे!" "देव न मानणारे मेले!" पण सरकारला लेकरांचं काही पडलेलं नव्हतं. सरकारला शब्दांची पडली होती. सम्राटाचा वाढदिवस असला की दवंडीवाला चौकात 'शुभवर्तमान' ओरडायचा, तो शब्द यांनी येशूसाठी उचलला. 'धनी' तर आधीच उचलला होता. राज्याचेच शब्द चोरून दुसरंच राज्य मांडतात की काय, अशी भीती वरच्यांना बसली. मग हुकूम सुटला.

सण यायच्या आधीच शिपाई आले. अधिकाऱ्याने सम्राटाचा अर्धपुतळा माझ्यावरच ठेवला, त्याच्यापुढे निखाऱ्यांचं पात्र ठेवलं. माणूस काही वाईट बोलला नाही. उलट समजावत होता, "अहो, नुसती चिमूट! चिमूटभर धूप टाका, 'सम्राट आमचा धनी' एवढं म्हणा, आणि सुटा. नंतर तुमच्या देवाला काय म्हणायचं ते म्हणा. आमची कुठे ना आहे?"

डिओगास पुढे झाला. त्याने घाईघाईने धूप टाकला, निम्मा माझ्यावरच सांडला. तो ते वाक्य बोलला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

तातियाबाई म्हणाल्या, "साहेब, या मेजापाशी मीसुद्धा धनीण नाही. तुमच्या सम्राटाला कुठे बसवू?" त्यांना संगमरवराच्या खाणीत दगड वाहायला पाठवलं. त्या परत आल्या नाहीत.

राहिली अम्मिया. अधिकारी हसला. "गुलामाला कसली आलीय मर्जी? हात पुढे कर." त्याने तिच्या उजव्या तळव्यावर जळते निखारे ठेवले, वर धूप भुरभुरला आणि तो हात पात्रावर धरायला लावला. हात झटकला की धूप सम्राटापुढे पडणार आणि काम भागणार. चामडीचा वास सुटला. अम्मियाने हात झटकला नाही. तिने तो सावकाश बाजूला नेला आणि निखारे माझ्यावर ओतले. माझं लाकूड खोलवर जळलं. मी झाड होतं तेव्हा कुऱ्हाड सोसली आहे, पण तो दिवस वेगळा होता. मला त्या जळण्याचा आजही अभिमान आहे.

घर जप्त झालं. मला डाकेच्या घोड्यांच्या तबेल्यात टाकलं, अम्मियाला सरकारी विणकामाच्या कारखान्यात. तिची उजवी मूठ आता उघडत नव्हती, म्हणून ती केर काढी.

मग सम्राट बदलला. नवा म्हणाला, येशूच्या लोकांचं जे जे घेतलं ते त्यांच्या मंडळीला, म्हणजे त्यांच्या धर्मसमाजाला, परत करा. केवढा आनंद झाला! सरकारी माणसाने घर परत केलं, मला परत केलं, आणि अम्मियाला पुढे ढकलून म्हणाला, "हेही त्याच घरचं सामान." आली पुन्हा गुलाम म्हणूनच. आधी बाईंची होती, आता मंडळीची झाली.

डिओगास आला तो दारातच ढसाढसा रडला. "अम्मियाताई, मी नाकारलं गं."

"नाकारलंस खरं. बस. मसूर गरम आहे," ती म्हणाली. डाव्या हाताने तिने त्याला वाढलं. "रडून खारट करू नकोस. मीठ घातलंय मी."

त्या जेवणावेळी मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मेजं भाबडी असतात.

डिओगासला वाचता येत होतं, बोलता येत होतं, सरकारी माणसांशी कसं वागावं ते कळत होतं. त्याला मंडळीचा प्रमुख, बिशप, केलं. सरकारी घोडागाड्यांतून तो सभांना जाऊ लागला. अम्मिया अधूनमधून विचारी, "डिओगा, माझं काय ते?"

"अगं ताई, आता कायदाच आलाय. बिशपाने मंडळीसमोर नुसतं तोंडाने म्हटलं की गुलाम मोकळा! नवं देऊळ होऊ दे. पहिलं नाव तुझंच घेतो."

देऊळ झालं. पैसा सम्राटाचा, संगमरवर त्याच खाणीतला. मला तिथे नेलं. खापराचा तुकडा कुणीतरी फेकून दिला. जळका डाग बघून कारागीर म्हणाला, "हे काही शोभत नाही," आणि त्याने माझ्यावर चांदी चढवली.

पहिल्या उपासनेला सुभेदार आला, त्याला कठड्याच्या आत आसन मिळालं. गुलामांना पार मागे उभं केलं. डिओगास माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागला, "हे देवा, आमचे धनी सम्राट यांना दीर्घायुष्य दे..."

गर्दीतून अम्मिया पुढे आली. कठडा ओलांडून आत आली. आवळलेल्या मुठीने ती माझ्यावरची चांदी चाचपू लागली, डाग शोधत होती. मला ओरडता आलं असतं तर सांगितलं असतं, इथे आहे गं, इथे!

"ए म्हातारे! आत कुठे?" एक सेवक धावला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "डिओगा," ती म्हणाली, "या मेजापाशी धनी किती?"

सुभेदाराने विचारलं, "कोण ही?"

मित्रांनो, पहिल्या वेळी डिओगासपुढे निखारे होते. या वेळी पुढे काहीच नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "घरची जुनी मोलकरीण आहे, साहेब. वय झालंय. काहीबाही बोलते."

सेवकाने तिचा दंड धरला. "सोड रे," ती म्हणाली. "वाट ठाऊक आहे मला. हे मेज मी पुसत आलेय, तू नाही."

त्या दिवशी तिचं नाव घेतलं गेलं नाही. पुढच्या सणालाही नाही. हिवाळ्यात ती जुन्या स्वयंपाकघरात चुलीपाशी मेली, गुलाम म्हणूनच.

ती मेल्यावर लोकांना आठवण झाली. अरे, हीच ती, जिने हातावर निखारे सोसले! डिओगासने तिच्यावर प्रवचन केलं आणि तो खरंखुरं रडला. मग तिचा तो हात पवित्र अवशेष म्हणून कापून चांदीच्या पेटीत घातला आणि माझ्याखाली ठेवला. जिवंतपणी ज्या हाताला कठड्याच्या आत मज्जाव होता, तो आता कायमचा आत आहे. सुभेदारांच्या बायकासुद्धा त्या पेटीचं चुंबन घ्यायला रांगेत उभ्या राहतात.

इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा, आम्हाला जपा. मित्रांनो, मी हात जोडून उलटं मागणं मागतं. माझी निगा पुरे झाली. ही चांदी उचकटा. माझ्यावर पीठ सांडा, लसूण ठेचा, मसुराचं उकळतं भांडं आणून आदळा. आणि ते भांडं जी घेऊन येईल, तिला उभी ठेवू नका. आधी तिला वाढा.