कमरेएवढी डिझाइन

चेन्नईच्या वेलचेरीतलं तळमजल्याचं घर विकायला काढलं आणि जयवंतीबाई भिंतीवरच्या पुराच्या खुणेशी हातघाईवर आल्या. तीनदा रंग दिला तरी मेली कमरेएवढ्या उंचीवर पुन्हा उमटायचीच! शेवटी त्यांनी खुणेपर्यंतच्या सगळ्या भिंती चॉकलेटी करून टाकल्या.

"अहो, कुणी विचारलंच, तर डिझाइन म्हणायचं," असा नवऱ्याला दम भरला.

डिसेंबरात एक तमिळ गृहस्थ घर बघायला आले. बाकी काही न पाहता भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि चॉकलेटी रंग अंगावर कुठवर येतो ते हाताने चाचपू लागले.

"डिझाइन आहे ती!" नवरा न विचारताच ओरडला. जयवंतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"छान आहे," गृहस्थ खुशीत म्हणाले. "मार्गळी महिन्यात आम्ही घर घेत नाही, तो संपला की हे मीच घेतो. आमच्या आताच्या घरात हीच डिझाइन गळ्यापर्यंत आहे."